विहिरीत तणनाशक उतरलं तर? जमिनीतच पाणी साफ करण्याविषयी नेहमीचे प्रश्न

मृगाच्या पेरण्या उरकल्या की पंधरा-वीस दिवसांत फोन सुरू होतात. कुणाच्या विहिरीच्या पाण्याला औषधाचा वास येतो, कुणाची कपाशी बोअरच्या पाण्यावर वाकडी होते. मी भूजलाच्या कामात आहे. औसा-निलंग्याकडून अंबड-भोकरदनपर्यंत विहिरी बघत फिरतो, आणि सगळीकडे जवळपास हेच प्रश्न ऐकतो. लोक विचारतात त्याच शब्दांत ते खाली दिले आहेत. उत्तरं मराठवाड्यातल्या काळ्या दगडाच्या मुलखासाठी आहेत. कोकणच्या जांभ्याला किंवा तापीकाठच्या गाळाला ती जशीच्या तशी लावू नका.

आम्ही तर रानात फवारतो. ते विहिरीत जातं कसं?

काळी माती भिजली की फुगते आणि चिखलाने स्वतःला बंद करून घेते, हे खरं. पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पेरणी झाल्या झाल्या तणनाशक मारलं आणि दोन दिवसांत दणका पाऊस आला, तर पाणी मातीतून झिरपत बसत नाही. भेगेतून थेट मुरमात उतरतं. औषधाला धरून ठेवायचं काम मातीचं, पण तिला ती संधीच मिळत नाही.

दुसरी वाट आपणच करून ठेवलेली आहे: विहीर पुनर्भरण. शेतातलं वाहतं पाणी चर काढून खड्ड्यात आणायचं, दगड-गोटे-वाळूतून गाळायचं आणि पाईपने विहिरीत सोडायचं. योजना चांगलीच आहे, मी स्वतः कितीतरी करून दिल्या आहेत. पण वाळू फक्त गाळ अडवते, पाण्यात विरघळलेलं औषध वाळूला जुमानत नाही. म्हणून फवारणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी विहिरीत घेऊ नका. चराच्या तोंडाशी मातीचा बांध घाला आणि पाणी बाजूला काढा. हे एवढं एक काम केलं तरी खालचे बरेच प्रश्न वाचायची वेळ येणार नाही.

तिसरी वाट म्हणजे विहिरीचं थारोळं, काठावरची मोटेचं पाणी पडायची जागा. मोट गेली, थारोळं राहिलं. आता तिथे बसून औषध कालवतात, पंप धुतात, आणि धुवण विहिरीच्या बांधकामाच्या सांध्यातून आत उतरतं. चौथी वाट लोकांना पटत नाही, पण ती खरी आहे. औषधाच्या टाकीत पाईपचं तोंड बुडवून मोटर चालू केली आणि तेवढ्यात लाईट गेली. व्हॉल्व्ह गळका असेल तर वर चढलेलं पाणी मागे पडतं आणि टाकीतलं औषध स्वतःबरोबर बोअरमध्ये ओढून नेतं. पाईप टाकीच्या काठापासून वीतभर वर बांधा. खर्च शून्य.

सगळीच तणनाशकं खाली उतरतात का?

नाही. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट चिकणमातीला घट्ट चिकटतात. ते पाण्यात सापडले तर बहुतेक वेळा वरून वाहून किंवा सांडून आलेले असतात. पेंडिमिथॅलिनही फार हलत नाही. उसातलं आणि मक्यातलं ॲट्राझिन, ऊस-सोयाबीनमधलं मेट्रिब्युझिन आणि सोयाबीनमधलं इमॅझेथापायर मात्र पाण्याबरोबर चालतात. २,४-डी सुद्धा चालतं, पण हवा खेळती असलेल्या मातीत जिवाणू ते थोड्या आठवड्यांत खाऊन टाकतात. ॲट्राझिनचं तसं नाही. वरच्या जिवंत मातीत त्याची मात्रा निम्मी व्हायला साधारण दोन महिने लागतात. एकदा का ते मुरमाखाली, अंधारात आणि थंडाव्यात गेलं की वर्षानुवर्षं टिकतं. युरोपीय महासंघात त्याच्यावर बंदी येऊन वीसहून जास्त वर्षं झाली, तरी तिथल्या भूजलात ते आणि त्याचे तुकडे अजून सापडतात.

कितीसं मिसळलं म्हणजे पाणी खराब?

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात ॲट्राझिन लिटरला २ मायक्रोग्रॅमच्या वर नको. म्हणजे एक अब्ज भागांत दोन भाग. २,४-डीची मर्यादा ३० मायक्रोग्रॅम आहे. युरोपात कुठल्याही एका कीडनाशकाला ०.१ मायक्रोग्रॅमच्या वर परवानगी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ॲट्राझिनसाठी मात्र १०० हा आकडा धरला आहे. आकड्यांत एवढा फरक दिसतो कारण काही ठिकाणी तो विषाच्या हिशोबाने ठरवला, तर काही ठिकाणी 'हे पाण्यात असूच नये' या भूमिकेतून. आपण आपलं २ धरून चालावं.

आता हिशोब करून बघा. २० फूट व्यासाच्या विहिरीत १५ फूट पाणी असेल तर ते साधारण १ लाख ३३ हजार लिटर भरतं. एवढं पाणी मर्यादेपर्यंत न्यायला पाव ग्रॅमच्या किंचित वर ॲट्राझिन पुरतं. बाजारातली पावडर ५० टक्क्यांची, म्हणजे अर्धा ग्रॅम. चिमूटभर. पुडी झटकल्यावर हाताला लागते तेवढी.

वास नाही, रंग नाही. मग कळणार कसं?

वासावर जाऊ नका. जो वास येतो तो बऱ्याचदा औषधात मिसळलेल्या द्रावकाचा असतो. ॲट्राझिनला तर वासच नाही. ग्रामपंचायतीकडच्या तपासणी पेटीत नायट्रेट, फ्लोराईड, क्षार वगैरे कळतात, तणनाशक कळत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत मोठ्या यंत्रावर तपासणी लागते, आणि ती करायला सांगताना औषधाचं नाव द्यावं लागतं. नुसतं 'कीटकनाशक तपासा' म्हणालात तर ते त्यांच्या यादीतली जुनी क्लोरीनवाली औषधं तपासतील आणि 'आढळलं नाही' असा कागद हातात देतील.

नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत घ्या, प्लास्टिकच्या नको. बोअर असेल तर आधी मोटर चालवून पाईपमधलं शिळं पाणी काढून टाका. बाटली काठोकाठ भरा, बर्फात ठेवा आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी पोचवा. एक नमुना जुलैत घ्यावा आणि एक उन्हाळ्याच्या तोंडी. जुलैत निघालं आणि मार्चमध्ये नाही, तर ते पावसाबरोबर आलं आणि गेलं. दोन्ही वेळा निघालं तर जवळपास कुठेतरी मुक्काम करून बसलंय.

पीकही काही सांगतं. कपाशी २,४-डीला इतकी हळवी आहे की तिची पानं भेंडीच्या पानासारखी चिरली जातात. पण पिकावर दिसेपर्यंत पाण्यातलं प्रमाण पिण्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर गेलेलं असतं. पीक चांगलं आहे म्हणजे पाणी चांगलं आहे, असं म्हणता येत नाही.

उकळून, तुरटी फिरवून, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किंवा लाल औषध टाकून जातं का?

नाही, चारही उपायांनी नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि उरलेल्यात प्रमाण वाढतं. घरच्या फिल्टरमध्ये कोळशाची कांडी आणि आरओ दोन्ही असतील तर बरंचसं अडतं, पण कांडी वेळेवर बदलली तरच. भरलेली कांडी घेतलेलं औषध परतही सोडू शकते.

'जमिनीतच साफ करणं' म्हणजे नक्की काय?

नेहमीची पद्धत म्हणजे पाणी उपसा, वर कोळशाच्या टाकीतून गाळा आणि वापरा. तिच्यात पाणी साफ होतं, जमीन होत नाही. मोटर बंद केली की पुन्हा तेच. जमिनीतल्या पद्धतीत पाणी जागचं हलवत नाहीत. ते ज्या वाटेने चाललंय त्या वाटेवरच असं काहीतरी आडवं ठेवतात की औषध तिथे तुटेल किंवा अडकेल आणि पाणी पुढे जाईल. त्यासाठी लोखंड, जिवाणू, कोळसा किंवा परसल्फेटसारखे ऑक्सिडायझर वापरतात. प्रत्येकाची खोड वेगळी आहे.

लोखंडाची भिंत म्हणजे काय? लोखंडाने औषध कसं जाईल?

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या मंडळींनी १९९१ मध्ये बोर्डन इथे ही भिंत जमिनीत घालून पाहिली. ती कारखान्यांतल्या क्लोरीनवाल्या द्रावकांसाठी होती. पुढे ॲट्राझिन, अलाक्लोरसारख्या तणनाशकांवरही लोखंड चालतं असं दिसलं, कारण त्यांच्याही रेणूत क्लोरीन आहे. लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन सोडतं आणि ते क्लोरीनला रेणूतून उखडून काढतात. थोडक्यात, खिळा गंजतो आणि औषध मोडतं.

पाण्याच्या वाटेवर आडवा चर खणायचा, त्यात लोखंडाचा जाड चुरा आणि वाळू भरायची, वरून माती टाकायची. जाडी किती, तर पाणी दिवसाला किती चालतं गुणिले औषध मोडायला किती दिवस लागतात. समजा पाणी दिवसाला एक फूट सरकतंय आणि दोन दिवस हवेत, तर दोन फूट. वर थोडी जास्तीची.

माल आपल्याकडे आहे. जालन्याला स्टीलचे कारखाने आहेत, लेथवर पडणारा बिडाचा कीस तालुक्याच्या गावी मिळतो. बीडवाल्यांनी हसू नये, ओतीव लोखंडाला मराठीत बीडच म्हणतात. पण लेथचा कीस तेलकट असतो. तो सोड्याने धुऊन भट्टीत भाजल्याशिवाय जमिनीत घालणं म्हणजे एक घाण काढायला दुसरी घालणं.

खरी अडचण पुढे आहे. आपलं पाणी जड, चुनखडीचं, किंचित अल्कधर्मी. लोखंड अशा पाण्यात ॲट्राझिनवर हळू काम करतं, आणि चुना लोखंडाच्या कणांवर बसून भिंत चोंदवतो. पातेल्याच्या तळाला बसतो तोच पांढरा थर. भिंत चोंदली की पाणी तिला वळसा घालून जातं आणि आपण समाधानात राहतो. म्हणून भिंतीच्या दोन्ही अंगांना निरीक्षणाची नळकांडी हवीतच, पातळी आणि नमुना दोन्हींसाठी. २,४-डीसाठी आणि इमॅझेथापायरसाठी लोखंडाच्या भरवशावर राहू नका.

जिवाणू सोडले तर खाऊन टाकतात म्हणे?

खातात. अमेरिकेत मिनेसोटातल्या, तणनाशक सांडलेल्या एका जागेच्या मातीतून सुडोमोनास एडीपी नावाचा जिवाणू सापडला. त्याची माहिती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. ॲट्राझिनमधला नायट्रोजन हेच त्याचं खाद्य. डेन्मार्कमध्ये डायक्लोबेनिल या तणनाशकाचा बॅम नावाचा तुकडा इतक्या विहिरींत निघाला की बऱ्याच बंद कराव्या लागल्या. तिथे तो खाणारा अमिनोबॅक्टर जिवाणू पाणीपुरवठ्याच्या वाळूच्या गाळणीत सोडून पाहिला गेला.

आपल्याकडे गंमत अशी की युरिया आणि शेणखतामुळे बऱ्याच गावांच्या पाण्यात नायट्रेट भरपूर आहे. आयता नायट्रोजन समोर असताना जिवाणूने कष्टाचं ॲट्राझिन कशाला फोडावं? पंगतीत बुंदी वाढलेली असताना ठेचा-भाकरी कोण मागतं? तेव्हा त्यांना कार्बन देऊन नायट्रेट आधी संपवावं लागतं. लाकडाचा भुसा भरलेला चर हे काम करतो: नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन हवेत उडतो, आणि भुसा थोडं औषधही धरून ठेवतो. आमच्याकडे ऊसपट्ट्यात बगॅस (उसाचा चोथा) आहे, पण तो लवकर कुजून बसतो. लाकडाच्या ढलप्या जास्त टिकतात.

काही जण विचारतात की साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) बोअरमध्ये सोडू का. नको. एक तर मळी राज्य उत्पादन शुल्काच्या नियमांतली वस्तू. दुसरं, जमिनीतला प्राणवायू एका झटक्यात संपतो, दगडातलं लोह-मँगनीज सुटतं, पाणी सडक्या अंड्यासारखं वास मारतं. २,४-डी असेल तर आणखी वाईट, कारण ते खाणाऱ्या जिवाणूंना हवा लागते.

पऱ्हाट्यांचा कोळसा करून विहिरीत पोती सोडली तर?

कल्पना वाईट नाही, जागा चुकीची आहे. विहिरीच्या लाखभर लिटरमध्ये चार पोती लटकवली तर पोत्याच्या आत पाणी फिरतच नाही. हाच कोळसा पुनर्भरणाच्या खड्ड्यात वाळूच्या खाली हातभर थर म्हणून घाला, तिथे प्रत्येक थेंबाला त्यातून जावं लागतं. पण गाळाने तो लवकर भरतो, म्हणून वर गाळ बसायला वेगळा खड्डा हवा आणि कोळसा दरवर्षी बदलायला हवा. काढलेला कोळसा उकिरड्यावर टाकू नका. चुलीत तर मुळीच नको.

परसल्फेटसारखी रसायनं बोअरमधून सोडतात, ते?

वाळूच्या गाळथरात, तज्ज्ञांच्या हाताखाली ठीक. आपल्या फटींच्या दगडात मी तरी सुचवणार नाही. सोडलेलं रसायन कुठल्या फटीने कुणाच्या बोअरला निघेल सांगता येत नाही.

आमचं बोअर ४०० फुटांचं आहे. त्यात यातलं काय करता येईल?

काहीच नाही, आणि हे मी पहिल्या भेटीतच सांगतो. जुनी विहीर खोदताना बघितलेला माणूस विचारा, तो थर सांगेल: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा मऊ दगड, मध्येच कुठे तांबडा गेरू, आणि खाली कातळ. मुरूम आणि मांजऱ्यापर्यंत पाणी बऱ्यापैकी पसरून चालतं, तिथे आडवी भिंत घालता येते. कातळात ते दोन-चार फटींतून पळतं. त्या फटी वरून दिसत नाहीत आणि त्यांच्या आडवं काही ठेवता येत नाही.

पण खोल बोअरमध्ये औषध निघतं तेव्हा ते बहुतेक वेळा वरूनच केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाईपच्या, बाजूने उतरलेलं असतं. मुरूम ६० फुटांवर संपतो आणि केसिंग २० फुटांवर सोडलेलं, असं सर्रास दिसतं. पैसे वाचवायला. तेव्हा केसिंग कातळापर्यंत नेऊन भोवतालची पोकळी सिमेंट आणि बेंटोनाईट (फुगणारी चिकणमाती) यांनी बुजवणं, हा त्या बोअरचा इलाज.

विहिरीत पुडा पडला. आता या क्षणी काय करू?

माझ्या मामाच्या विहिरीत हे घडलंय. कठड्यावर ठेवलेला ॲट्राझिनचा फोडलेला पुडा पोराच्या धक्क्याने आत गेला. घरच्यांनी घाबरून दोन पोती टीसीएल ओतलं आणि विहीर महिनाभर तशीच झाकून ठेवली, 'निवळेल आपोआप' म्हणून. श्रावणात पातळी वर आली आणि विहिरीतलं पाणी मुरमातून शेजाऱ्याच्या विहिरीकडे चालू लागलं. शेजाऱ्याशी बोलणं आजही बंद आहे.

करायचं होतं ते उलटं. पुडा बादली-गळ टाकून काढा, माणूस आत उतरवू नका. मग उपसा सुरू करा आणि पातळी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा खाली ठेवा, म्हणजे बाहेरचं पाणी आत येतं, आतलं बाहेर जात नाही. उपसलेलं पाणी नाल्यात सोडायचं नाही. ॲट्राझिन असेल तर ते उसाला द्या. एकरांवर पसरलं की मात्रा शिफारशीच्या आतच बसते आणि वरच्या जिवंत मातीत ते मोडतं, जे विहिरीत कधी झालं नसतं. फक्त विहिरींपासून लांब, आणि पाट फुटून वाहणार नाही एवढंच. २,४-डी असेल तर कपाशी, तूर, भाजीपाला यांच्या आसपासही नको. विहीर आटल्यावर तळाचा गाळ काढा, पावडर तिथेच बसलेली असते.

पंप धुवायची जागा विहिरीजवळच आहे. ती कशी सुधारायची?

जमिनीतली सगळ्यात स्वस्त आणि आपल्याला सगळ्यात लागू पडणारी पद्धत हीच, आणि नेमकं हिच्याबद्दल कुणी विचारत नाही. स्वीडनमध्ये १९९३ पासून शेतकरी जैवखड्डा वापरतात. साधारण दोन फूट खोल खड्डा, तळाला चारेक इंच चिकणमातीचा थर. वर दोन भाग पेंढा, एक भाग पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) आणि एक भाग शेतातली माती यांचं मिश्रण. त्यावर गवत. पेंढ्यावर बुरशी वाढते, तिची विकरं औषध फोडतात. माती जिवाणू पुरवते, पीट ओल धरतं. आपल्याकडे पीट नाही, तिथे जुनं कंपोस्ट चालतं. पेंढ्यासाठी गव्हाचं काड घ्या. तळाला काळी माती तुडवून घातली तर वेगळी चिकणमाती आणायला नको, पण ती उन्हाळ्यात तडकू द्यायची नाही, खड्डा ओला ठेवायचा. वर पत्र्याचं छप्पर हवं, नाहीतर जुलैच्या पावसात सगळं धुपून खाली जाईल.

जागा विहिरीच्या चढाला नको, उताराला हवी. पेंढा खाली बसेल तशी दरवर्षी भर घालायची. काही वर्षांनी मिश्रण काढलं की ते झाकून वर्षभर कुजवायचं, लगेच शेतात टाकायचं नाही.

किती वर्षं लागतील?

सांडलेलं असेल, लगेच उपसलं असेल, गाळ काढला असेल तर एक-दोन पावसाळ्यांत फरक दिसायला हवा. थारोळ्यावर वीस वर्षं धुवण मुरलं असेल तर ती मातीच औषधाचं कोठार झालेली असते. दर पावसाळ्यात ती थोडं थोडं सोडत राहते. ती माती उन्हाळ्यात, विहीर आटलेली असताना खणून काढा, मगच भिंतीचा विचार करा. आणि सगळ्या शिवारातून थोडं थोडं येत असेल, तर एका शेतातली भिंत काही करू शकत नाही. तिथे फवारणीची वेळ आणि औषध बदलणं एवढंच हातात आहे.

काम करून घ्यायचं ठरवलं तर सोबत काय न्यावं?

जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. दोन वेळचे तपासणीचे कागद न्या. कुठल्या रानात कुठलं औषध कधी मारलं, त्याची वही न्या. आसपासच्या पाच-सहा विहिरींची पाण्याची पातळी एकाच दिवशी दोरी सोडून मोजा, आणि ती जमिनीपासून नाही तर एकाच ठरलेल्या उंचीपासून धरा. लेव्हल ट्यूबमध्ये पाणी भरून कठड्यांची उंची जुळवता येते. पाणी कुठून कुठे चाललंय ते यावरून निघतं, आणि भिंत आडवी कुठे घालायची तेही. बोअरवाल्याला फोन करून किती फुटांवर मुरूम संपला, पहिलं पाणी कुठे लागलं आणि केसिंग किती सोडलं ते विचारा. बहुतेक बोअरवाले हे लिहून ठेवत नाहीत. पण गाडीवरच्या पोरांना आठवतं, कारण केसिंगचे पाईप त्यांनीच मोजलेले असतात.